फुटली म्हणू नये

आपल्याकडं माणूस काय वाट्टेल ते फोडतो. ढेकळं फोडतो, लाकडं फोडतो, भावाभावांत काडी घालून घर फोडतो, दुसऱ्याचं बिंग फोडतो, आणि स्वतः माती खाल्ली की खापर शेजाऱ्याच्या डोक्यावर फोडून हात झटकतो. पण त्याच माणसाच्या बायकोची बांगडी फुटू द्या. ती 'फुटली' म्हणायची नाही. 'वाढली' म्हणेल. पायाशी काचा पडल्यात, मनगटातून रक्त निघतंय, आणि बाई काय म्हणते, तर वाढली! सवाष्णीची बांगडी फुटत नसते बाबांनो. ती फोडतात ते एकदाच, नवरा गेल्यावर, आणि त्या दिवसाचं नाव काढायला नको म्हणून हा सगळा खटाटोप.

ह्या एका शब्दानं गोजरबाईचा घात केला. बाहत्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. तिसगावच्या पूर्वेला माळावर एक वस्ती होती, तिथं गोजर नांदत होती. अंगानं काटकुळी, बोलणं बेताचं, कामाला मात्र मागं हटायची नाही. मूलबाळ नव्हतं. माहेरची माणसं सगळी ऊसतोडीला कारखान्यावर, त्यांचा ठावठिकाणा दर वर्षी निराळा. सासरी माणसं दोनच. नवरा गोरक्षनाथ, त्याला सगळे गोरख म्हणत, आणि सासू आक्काबाई.

आक्काबाईला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिची आधीची पोरं पटकीत गेली. गोरख तेवढा हाताला लागला, तोही मढीच्या नाथाला नवस बोलून, असं ती सांगायची. त्यामुळं तिचा सगळा जीव त्या एका पोरात. तो घरी नसला की म्हातारी भाकरीला हात लावायची नाही. "त्यो जेवला आसंल का गं?" असं आधी विचारायची, आणि गोजरनं "जेवले आस्तील" म्हटलं की मगच पहिला घास मोडायची. सासू म्हणून खडूस नव्हती, सुनेवर माया होती तिची. पण पोराचं नाव निघालं की बाकीचं जग तिच्या लेखी नव्हतंच.

गोरख सुरुंगावर कामाला होता. त्या साली विहिरींनी तळ दाखवला, तसं ज्याच्या त्याच्या मनात एकच, आणखी परसभर, म्हणजे पुरुषभर खाली जाऊ, पाणी लागेल. खडकाला भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची आणि जीव मुठीत धरून वर यायचं, हे त्याचं काम. दसरा झाल्यावर छगन नावाच्या सोबत्याबरोबर तो आष्टीकडं गेला. निघताना आईला म्हणाला, "पानी लागलं की येतो." कुणाच्या विहिरीला, कुठल्या गावात, काही बोलला नाही. मुलखाचा घुम्या तो.

संक्रांत तोंडावर आली असताना छगन एकटाच परत आला. दारात नाही आला, गोठ्याच्या मागं उभा राहिला. गोठा रिकामाच होता, बैल चाऱ्यासाठी सरकारी छावणीवर. गोजर सरपण घ्यायला गेली तर हा भिंतीला टेकून उभा.

"भावजी, तुमी? आनि हे कुठं हायती?"

छगननं तोंड फिरवलं. "वैनी, वात इझली आसं वाटलं त्याला. बगायला म्हनून खाली उतरला. मी नगं म्हनलो हुतो. आईची आन, नगं म्हनलो हुतो."

"मंग?"

"इझली नव्हती."

छगन हातातलं फडकं पिळत म्हणाला, "मागं आनन्याजोगं काय ऱ्हायलं नव्हतं, वैनी. तितंच अग्नी दिला."

बाई अशा वेळी जमिनीवर अंग टाकते. गोजरनंही टाकलं असतं. पण तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला, "कोन हाय गं? गोरख्याचा निरोप हाय काय?" आणि गोजरच्या तोंडून, तिला न विचारताच, शब्द बाहेर पडले, "व्हय आत्याबाई. छगनभावजी आल्यात. बरे हायती म्हनं. पानी लागलं की येतो म्हनलेत."

छगन मान खाली घालून ऐकत होता. गोजरनं त्याच्यापुढं हात जोडले. "कुनापाशी बोलू नका, भावजी." छगन गेला तो परत त्या वस्तीकडं फिरकला नाही. त्या संध्याकाळी म्हातारी पोटभर जेवली.

खरं म्हणजे हे एका दिवसाचं खोटं होतं. उद्या सांगू, असं गोजरनं मनाशी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हातारीला ताप भरला. ताप उतरला तर अंगात त्राण नाही, अशा जिवाला काय सांगायचं? मग संक्रांत आली, सणावारी कसं सांगायचं? सांगायची वेळ एकदा टळली की टळली. पुढं नुसतं 'गेले' म्हणून भागत नाही, 'आणि मी एवढे दिवस खोटं बोलले' हेही सांगावं लागतं. शिवाय गोजरला एक पक्कं ठाऊक होतं. ज्या दिवशी म्हातारीला कळेल, त्या दिवसापासून ती घास उचलणार नाही. आणि म्हातारी गेली की ह्या अख्ख्या मुलखात तिला 'गोजरे' म्हणून हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं. तेव्हा काही झालं तरी हे फुटू द्यायचं नाही, एवढं एकच ती धरून बसली.

मग दर बाजाराला निरोप येऊ लागला. येऊ लागला म्हणजे काय, गोजरच आणायची. तिसगावच्या बाजारात आष्टीकडचा कुणी भेटला म्हणे. गोरखनं दाढी राखलीय. गोरखला तिकडचं पाणी बाधलं होतं, आता बरा आहे. गोरख विचारत होता, आईचे गुडघे कसे आहेत. म्हातारी ऐकून बोळक्यानं हसायची आणि जेवायची. गोजरचं खोटं दिवसेंदिवस इतकं गोड व्हायला लागलं की बाजारची वाट तिलाच बघावीशी वाटायला लागली. खरा गोरख जन्मात कधी कुणाच्या गुडघ्यांची चौकशी करणारा नव्हता. हा दुसराच गोरख होता, बोलका, आणि खरं सांगायचं तर गोजरला तो थोडा आवडायलाही लागला होता.

सकाळी कुंकू लावताना मात्र हात जड व्हायचा. कुणाच्या नावानं लावतोय हे आपण? हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की ती अंग मोडून आलंय म्हणून सांगायची. लग्नाच्या मांडवाकडं फिरकायची नाही, नव्या नवरीवर आपली सावली नको. लोक अजून तिला सवाष्ण म्हणत होते आणि ती आपल्या आपणच बाजूला सरकत होती. रडायला तर जागाच नव्हती. आंधळ्या माणसाच्या घरात डोळे पुसता येतात, पण नाक ओढलेलं लगेच ऐकू जातं.

फाल्गुनात रस्त्याचं दुष्काळी काम निघालं. बायका रांगेनं बसून खडी फोडत. काठीला गोणपाट बांधून डोक्यावर तेवढीच सावली करायची, बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचे आणि दिवसभर हातोडी मारायची. तिथं टँकरचं पाणी मिळे आणि दुपारी सुकडीचं गोड पीठ खायला मिळे, म्हणून गोजर म्हातारीलाही बरोबर आणायची, आपल्या गोणपाटाखाली बसवायची. शेजारी रतनबाई बसे. तोंडानं फटकळ, आवाज माळाच्या ह्या टोकाचा त्या टोकाला जाईल असा. घरी रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन सगळ्यांचीच पोटं बिघडलेली, पण रतनबाईच्या तोंडाला काही झालं नव्हतं.

हजेरी घ्यायला कृपादान मास्तर होते. मिशनच्या शाळेतून रिटायर झालेले, डोक्यावर टोपी, खिशाला पेन. शिकवायची खोड काही सुटली नव्हती. समोर पोरं नाहीत तर नाहीत, खडी फोडणाऱ्या बायका आहेत ना! त्या दिवशी दुपारच्या सुटीत रतनबाईनं तळहात पुढं केला.

"मास्तर, खडी फोडू फोडू आमालाच फोड आलं की वो!"

झालं. मास्तरला एवढंच पुरलं. "बघा, बोललात आणि तुम्हाला कळलंही नाही! फोड आणि फोडणं, एकाच घरातले. तुमची फोडणीसुद्धा त्याच घरातली."

"फोडनीला त्याल कुठाय आमच्याकडं?" पलीकडून कुणीतरी म्हणालं, आणि बायका हसल्या.

"ऐका तर. मूळ संस्कृतातला स्फुट्. त्याचा अर्थ फुटणं, कळीसारखं उमलणं. लोकांच्या तोंडात घासून घासून त्याचं झालं फुटणं. आता त्याच संस्कृतात स्फुट म्हणजे काय माहितीय? उघड. स्पष्ट. म्हणजे फुटलं आणि उघड झालं, ह्यात जुन्या माणसांना फरकच वाटत नव्हता. शेंग फोडल्याशिवाय आत दाणा आहे की किडा, कसं कळणार? म्हणून आपण म्हणतो, जरा फोड करून सांगा. म्हणून गुपित फुटतं. म्हणून मुक्याला वाचा फुटते. पहाटे तांबडं फुटतं, तेही तेच. रात्रीनं झाकलेलं दिसायला लागतं."

आता बायकांनाही चेव आला. एक म्हणाली, पोराला मिसरूड फुटतं. दुसरी म्हणाली, गाईला पान्हा फुटतो. "कंच्या गाईला गं? छावनीतल्या?" तिसरीनं विचारलं. कुणी कंठ फोडला, कुणी घाम फोडला. रतनबाई सुकडी वाटणाऱ्या मुकादमाकडं बघत मोठ्यांदा म्हणाली, "आनि सुकडीच्या पोत्याला पाय फुटत्यात, त्ये न्हाई का सांगितलं मास्तरांनी?" मुकादमाला एकाएकी टँकरपाशी काम निघालं. सगळा माळ हसला. दुष्काळात माणसं हसतात, कुणाला खोटं वाटेल, पण चांगली खळखळून हसतात.

गोजर सुटीतही हातोडी मारत होती. रिकामं बसलं की तिच्या मनात नको ते यायचं. मास्तरांचं बोलणं ती ऐकत होती आणि तिला वाटत होतं, हा माणूस मला बघूनच बोलतोय की काय? ह्याला कुणी सांगितलं? छगननं? तसं काही नव्हतं. मास्तर आपले शब्दांत रंगले होते. पण गोजरनं हातोडी आणखी जोरात चालवली. फुटेल, फुटेल, म्हणून जे इतके महिने दाबून धरलं होतं, त्याचंच नाव सगळ्या बायका हसत हसत घेत होत्या.

"आणि विहिरीत सुरुंगाचा स्फोट होतो ना," मास्तर म्हणाले, "तो स्फोटसुद्धा ह्याच शब्दाचा भाऊ. आत दारू ठासलेली असते, वात पेटली की..."

गोजरची हातोडी दगडावरून निसटली आणि डाव्या मनगटावर आली. काचा उडाल्या.

"काय झालं गं?" रतनबाईनं विचारलं.

"काय न्हाई," गोजर म्हणाली, "बांगडी फुटली."

आसपासच्या बायकांनी एकदम तिच्याकडं बघितलं. मग रतनबाईनंच तोंड सोडलं. "आगं ये येडे! आसं म्हनत्यात व्हय? वाढली म्हन, वाढली! मास्तर, बगा तुमच्या त्या फुटन्यानं काय केलं. पोरीच्या तोंडात बसलं की त्ये!" बायका पुन्हा हसल्या. मास्तर ओशाळून टोपी सारखी करत उठले. गोजरही हसली. "वाढली बाई, वाढली," म्हणाली आणि पदराची चिंधी मनगटाला गुंडाळली.

आक्काबाई हसली नाही. तिच्या हातात सुकडीचा घास होता, तो तिनं परत ताटलीत ठेवला.

आता कुणी म्हणेल, एवढ्या एका शब्दावरून काय कळतं? ज्याला तसं वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं. सवाष्णीची जीभ त्या शब्दाला शिवत नाही. झोपेत बरळली, तापात बडबडली, तरी शिवत नाही, लहानपणापासून तसं वळणच लागलेलं असतं. शिवते कधी, तर सांभाळायचं काही उरलं नसलं म्हणजे. आणि पोरगा आपल्या गुडघ्यांची चौकशी करतोय म्हटल्यापासून म्हातारीच्या मनात पाल चुकचुकत होतीच. आईला आपला पोरगा ठाऊक नसतो होय?

संध्याकाळी दोघी घरी निघाल्या. म्हातारीचा हात गोजरच्या खांद्यावर. वाटेत ओढ्याचं कोरडं पात्र लागतं, तिथं म्हातारी थांबली.

"गोजरे."

"काय वो आत्याबाई?"

"म्हन, वाढली."

"मगाशी म्हनले की वो."

"आता म्हन."

"वाढली."

"परत म्हन."

"वाढली, आत्याबाई."

"हां. मी हाय तवर आसंच म्हनायचं." म्हातारीनं खांद्यावरचा हात घट्ट केला. "आनि हात मोकळा ठिवू नगंस. येत्या बाजाराला बांगड्या भर. हिरव्या भर. गोरख्याला हिरव्या आवडत्यात."

गोजरला कळलं की म्हातारीला कळलं. तिथंच ओढ्यात म्हातारीच्या गळ्यात पडावं आणि इतक्या महिन्यांचं एकदाच रडून घ्यावं, असं तिला झालं. दोघींचाच होता तो, दोघींनीच रडायचं होतं. तिनं तोंड उघडलं. "आत्याबाई, मी काय सांगते..."

"सांगू नगंस."

"पर आत्याबाई..."

"तू बोललीस की मरंल त्यो," म्हातारी म्हणाली आणि चालायला लागली.

येत्या बाजाराला गोजरनं बांगड्या भरल्या. कासारानं हात दाबून दाबून हिरवा चुडा चढवला, रीतीप्रमाणं अखंड सौभाग्याचा आशीर्वाद दिला, आणि गोजरनं तो वाकून घेतला. घरी आली तशी म्हातारीनं मनगटं चाचपून बघितली, बांगड्या मोजल्यासारख्या एकेक सरकवल्या. मग म्हणाली, "आला का निरोप?"

गोजरनं चुलीत काटकी सारली.

"आला का म्हनते मी?"

"आला."

"काय म्हनतोय?"

"पानी लागंना म्हनत्यात अजून."

"लागंल," म्हातारी म्हणाली.

ह्याच्याइतकं वाईट गोजरला छगनच्या तोंडून ऐकतानाही वाटलं नव्हतं. आधी खोटं बोलायची तेव्हा ऐकणाऱ्याला तरी ते खरं वाटत होतं. आता सांगणारीला ठाऊक, ऐकणारीला ठाऊक, आणि तरी दर बाजाराला निरोप यायचाच. न आणला तर म्हातारी विचारायची. तो बोलका गोरखही आता गोजरला सुचेना. दाढी, पाणी, ऊन, तेच तेच सांगायची. म्हातारी मान हलवायची. म्हातारीला पोरगा मेलेला नको होता, आणि तो मेला नाही हे सांगायला तिला जगात गोजरच होती. चीड यायची गोजरला. एखाद्या वेळी वाटायचं, भरल्या माळावर ओरडून सांगावं. मग म्हातारीचा तो आंधळा चेहरा दिसायचा आणि ती मुकाट चूल फुंकायची.

जेवणही हळूहळू सुटलं. म्हातारी एकदम काही नाही म्हणाली. अर्धी भाकरी, मग चतकोर, मग नुसतं पाण्यात कुस्करलेलं. "मला न्हाई भूक. तू खा. तुला काम करायचंय." गोजर हातापाया पडली, रागावली, एकदा तर घास बळंच तोंडात कोंबला. म्हातारीनं तो चावला नाही, गिळलाही नाही, दातांच्या बोळक्यात तसाच धरून बसली. जो दिवस टाळायला गोजर इतकं खोटं बोलली, तो दिवस असा पायरी-पायरीनं तिच्या डोळ्यांदेखत आला. आणि ह्या खेपेला थांबवायला तिच्याकडं खरा वाटेल असा निरोपही नव्हता.

ज्येष्ठात, अजून आभाळात ढगाचा पत्ता नव्हता, एका सकाळी आक्काबाई उठली नाही.

वस्ती गोळा झाली. भावकीतले वडीलधारे म्हणजे आप्पासाहेब. त्यांनी म्हातारीच्या तोंडात पाणी घातलं, बाहेर येऊन धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "गोरखला मानूस धाडा. पोटचा पोरगा आस्ताना दुसऱ्यानं अग्नी द्यायचा म्हंजी बरं दिसत न्हाई. दुपारपत्तुर वाट बगू."

"धाडू नका," गोजर म्हणाली.

"का गं?"

रतनबाईनं तिला जवळ घेतलं आणि बायकांना सांगितलं, "जीव लई हुता वो तिचा सासूवर. सुद न्हाई तिला." बायकांनी माना हलवल्या. असली सून मिळायला भाग्य लागतं, एक म्हणाली. एका पोरसवद्या गड्यानं सायकल काढलीसुद्धा. "आष्टीकडं कंच्या गावाला गं वैनी?" तो विचारत होता. "गावाचं नाव तरी सांग."

गोजरनं रतनबाईचा हात सोडवला. उंबऱ्यापाशी गुडघे टेकले आणि दोन्ही मनगटं उंबऱ्यावर आपटली. एकदा आपटली, परत आपटली. हिरव्या काचा म्हातारीच्या अंथरुणापर्यंत उडाल्या. मग तिनं पदरानं कपाळ पुसलं.

कुणाला काही फोडून सांगावं लागलं नाही. सायकल घेतलेला गडी तसाच उभा राहिला. आप्पासाहेबांनी डोक्यावरचं पागोटं काढलं.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"संक्रांतीच्या आदी."

रतनबाईनं तोंडावर हात मारला. गोजरनं वर बघितलं तर एकेकीच्या तोंडावर हिशेब चाललेला दिसत होता. संक्रांतीपासून आजपर्यंत कुणाच्या कार्याला ही होती, कुणाच्या लेकीला हिनं हात लावला, कुणाच्या लेकराला मांडीवर घेतलं. "आनि येवढे दिस कुकू लावून आमच्यात बसली?" कुणीतरी पाठीमागून म्हणालं. गोजर कुठल्या मांडवात गेली नव्हती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

अग्नी आप्पासाहेबांनीच दिला. इतक्या महिन्यांनी गोजरला रडायला मोकळीक मिळाली, एका मढ्यावर दोघांचं रडायचं होतं तिला. पण हंबरडा फोडायलाही गळ्यात पडायला एक बाई लागते, आणि त्या दिवशी तिच्या अंगाला कुणी हात लावला नाही. ती भिंतीला टेकून बसली. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज काही निघाला नाही. संध्याकाळी कुणीतरी दारात पिठलं-भाकरी ठेवून गेलं, हाक न मारता.

दिवसपाणी उरकल्यावर ती कामावर गेली. न जाऊन करते काय! आपल्या नेहमीच्या जागी गोणपाट बांधलं, खाली बसली. मास्तर हजेरी घेत घेत आले. तिच्यापुढं थांबले. "बाई," म्हणाले. खिशातलं पेन उगाच काढून परत लावलं आणि पुढच्या रांगेकडं गेले.

दुपार झाली. ऊन असं की दगडाला हात लावता येईना. रतनबाई मात्र सवयीनं तिच्याच गोणपाटाखाली येऊन टेकली होती, पाठ करून. गोजर बराच वेळ तिच्या पाठीकडं बघत होती. आता लपवायचं काही नव्हतं. गोरख कसा गेला, शेवटी कुठं होता, कुणी सांगितलं, सगळं तिच्या ओठांवर आलं. एका माणसाला तरी ते एकदा सांगायचं होतं तिला, बस.

"रतनबाई," ती म्हणाली, "वात इझली आसं वाटलं त्यास्नी. बगायला म्हनून खाली उतरलं हुतं."

"आसू दे बाई आता," रतनबाई मागं न बघता म्हणाली. तिनं आपली हातोडी घेतली, पाटी उचलली आणि पलीकडं उन्हात जाऊन बसली.